न्यूक्लिओसाइड चयापचयातील विकरांचे संरक्षित आकृतिबंध आणि मुंबईची औषधनिर्मिती : एक ऐतिहासिक आढावा

सारांश

एच.आय.व्ही.वरील स्वस्त औषधांचा मुंबईतील इतिहास बहुधा किंमत आणि पेटंट कायदा यांच्या अंगाने मांडला जातो. प्रस्तुत निबंधात तोच इतिहास जीवरसायनाच्या अंगाने तपासला आहे. या औषधांपैकी अनेक रेणू न्यूक्लिओसाइडसदृश आहेत. ते स्वतः निष्क्रिय असून रुग्णाच्या पेशीतील विकरांनी फॉस्फेट जोडल्यानंतरच प्रभावी होतात. या विकरांत उत्क्रांतीने जपून ठेवलेले अमिनो आम्लांचे आकृतिबंध औषधाचा गुण, त्याचा दोष आणि त्याचे अपयश या तिन्हींशी निगडित आहेत. औषधाचा रेणू खाजगी मालकीचा विषय झाला, तर त्याचा अर्थ उलगडणारे अनुक्रम मुख्यतः सार्वजनिक संग्रहांत राहिले, या विरोधाकडेही निबंध लक्ष वेधतो.

बीजसंज्ञा : न्यूक्लिओसाइड, विकर, संरक्षित आकृतिबंध, कायनेज, औषधनिर्मिती, मुंबई

१. प्रस्तावना

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या कंपनीने एच.आय.व्ही.वरील तीन औषधांचा संयुक्त उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेस प्रतिरुग्ण प्रतिवर्षी ३५० अमेरिकी डॉलर या दराने देऊ केला. पाश्चात्त्य बाजारपेठेत याच प्रकारच्या उपचाराचा वार्षिक खर्च त्या वेळी दहा ते पंधरा हजार डॉलर होता. या घटनेचे आर्थिक, वैधानिक आणि नैतिक परिणाम पुष्कळांनी सविस्तर मांडले आहेत व ते योग्यच आहे. तथापि, त्या उपचारातील स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन या तिन्हींपैकी पहिली दोन औषधे न्यूक्लिओसाइडची प्रतिरूपे होती, या गोष्टीचा विचार इतिहासलेखनात क्वचितच होतो. गोळीच्या रूपात गिळलेला हा रेणू विषाणूला कोणताही अपाय करीत नाही. त्याला शस्त्राचे रूप देण्याचे काम रुग्णाच्या पेशीतील विकरे करतात.

मुंबईच्या उपनगरांतील अध्यापकांना हा विषय दूरचा नाही. कांदिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मलेरियाविरोधी औषधांसाठी ओळखल्या जाणाऱ्या इप्का लॅबोरेटरीजचे कार्यालय आहे. विक्रोळी हे नाव सिप्लाच्या संशोधनाशी जोडलेले आहे. या परिसरातील महाविद्यालयांत रसायनशास्त्र अथवा जैवतंत्रज्ञान शिकणारा विद्यार्थी औषधनिर्मितीच्या व्यवसायाकडे पाहतच पदवी घेत असतो. औषध कसे तयार करावे हे तो शिकतो. ते पेशीत जाऊन का चालते आणि का चालेनासे होते, याचा इतिहास त्याच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणे हा या निबंधाचा हेतू आहे.

२. विकरे ज्ञात, अनुक्रम अज्ञात

नत्रयुक्त आधारक आणि पाच कार्बनांची शर्करा यांच्या संयोगाने न्यूक्लिओसाइड बनते. त्याला फॉस्फेट जोडले की न्यूक्लिओटाइड तयार होते. डी.एन.ए. व आर.एन.ए. यांची उभारणी न्यूक्लिओटाइडांपासून होते. पेशीला ते मिळविण्याचे दोन मार्ग आहेत. लहान रेणूंपासून नव्याने बांधणी करणे हा पहिला मार्ग. मोडलेल्या न्यूक्लीइक आम्लांतील अवशेष पुन्हा वापरात आणणे हा दुसरा. पडक्या वाड्याच्या विटा आणि तुळया नव्या घरासाठी वापराव्यात तसा हा दुसरा मार्ग असून त्यात फॉस्फोरिलेज, डीअमिनेज आणि कायनेज या वर्गांतील विकरे काम करतात.

डेन्मार्कचे जीवरसायनशास्त्रज्ञ हर्मन कॅल्कर यांनी १९४० च्या दशकात न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेजवर मूलभूत काम केले. विशिष्ट विकरांच्या क्रियेमुळे प्युरीन संयुगांचे अतिनील प्रकाशशोषण बदलते, या गोष्टीवर आधारलेली मापनपद्धती त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. याच दशकात अमेरिकेत जॉर्ज हिचिंग्ज आणि १९४४ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत आलेल्या गरट्रूड एलियन यांनी न्यूक्लीइक आम्लांच्या घटकांसारखी दिसणारी, पण नेमक्या जागी वेगळी असलेली संयुगे घडविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. रक्ताच्या कर्करोगावरील मरकॅप्टोप्युरीन, संधिरोगावरील ॲलोप्युरिनॉल आणि नागीणवर्गीय विषाणूंवरील असायक्लोव्हिर ही त्या कार्यक्रमाची फळे होत. १९८८ चे नोबेल पारितोषिक या दोघांना जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत मिळाले.

१९६४ मध्ये डेट्रॉइट येथील जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगावरील औषध म्हणून झिडोव्हुडिन, म्हणजेच ए.झेड.टी., तयार केले. अपेक्षित गुण न आल्याने ते बाजूला पडले व त्यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही. पुढे मुंबईत ज्याचे उत्पादन झाले ते स्टॅव्हुडिनही मूलतः त्यांच्याच प्रयोगशाळेतील होय. दोन दशकांनंतर एच.आय.व्ही.विरुद्ध ए.झेड.टी.चा उपयोग दिसून आला आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ते बरोज वेलकम कंपनीच्या पेटंटखाली गेले.

या संपूर्ण कालखंडातील संशोधकांना विकरे त्यांच्या कार्यावरून ठाऊक होती. कोणते विकर कशाला फॉस्फेट जोडते, कोणत्या वेगाने जोडते, हे मोजता येत होते. त्या विकराची घडण मात्र बहुतांशी अज्ञात होती.

३. आकृतिबंधाच्या कल्पनेचा उदय

फ्रेडरिक सँगर यांनी १९५० च्या दशकात इन्शुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम निश्चित केला. प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा ठराविक क्रम असतो, ही गोष्ट त्यामुळे निर्विवाद झाली. मार्गारेट डेहॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये तोवर उपलब्ध असलेले क्रम एकत्र करून प्रथिनांचा संग्रह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात अवघी ६५ प्रथिने होती. परंतु क्रम शेजारी शेजारी मांडून पाहण्याची सवय या संग्रहाने लावली. १९७७ मध्ये सँगर यांनी डी.एन.ए. वाचण्याची कार्यक्षम पद्धत दिली, तेव्हा हा ओघ पुरात बदलला. १९८२ मध्ये जेनबँक हा सार्वजनिक संग्रह सुरू झाला.

त्याच वर्षी जॉन वॉकर, मॅटी सारास्ते आणि सहकाऱ्यांनी ए.टी.पी. वापरणाऱ्या अनेक, एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या प्रथिनांत एक समान तुकडा असल्याचे दाखविले. त्याचे सूत्र असे : ग्लायसीन, त्यानंतर कोणतीही चार अमिनो आम्ले, मग ग्लायसीन, लायसीन आणि शेवटी सेरीन किंवा थ्रिओनीन. त्रिमितीय रचनेत हा तुकडा एका लवचीक फासासारखा असून तो ए.टी.पी.च्या फॉस्फेटांना वेढून धरतो.

न्यूक्लिओसाइडांना फॉस्फेट जोडणाऱ्या तीन कायनेजांतील हा तुकडा एकाखाली एक मांडला असता सूत्राचा अर्थ स्पष्ट होतो.

(अ) मानवी थायमिडिन कायनेज १ : ग्लायसीन – प्रोलीन – मेथिओनिन – फेनिलॲलनिन – सेरीन – ग्लायसीन – लायसीन – सेरीन

(आ) मानवी डीऑक्सिसायटिडिन कायनेज : ग्लायसीन – ॲस्पॅराजीन – आयसोल्युसीन – ॲलनिन – ॲलनिन – ग्लायसीन – लायसीन – सेरीन

(इ) नागीण विषाणूचे थायमिडिन कायनेज : ग्लायसीन – प्रोलीन – हिस्टिडीन – ग्लायसीन – मेथिओनिन – ग्लायसीन – लायसीन – थ्रिओनीन

मधली चार स्थाने मुक्त आहेत. कडेची चार बांधलेली आहेत. विशेष म्हणजे (आ) आणि (इ) ही विकरे एकाच कुळातील मानली जातात, तर (अ) ची एकूण रचना त्यांच्याहून बरीच वेगळी आहे. तरीही फॉस्फेट धरणारा फास तिन्हींत आहे. उत्क्रांतीच्या प्रदीर्घ ओघात पाठ्यातील बाकीचे शब्द बदलत गेले, एवढा तुकडा मात्र राहिला. त्यात बदल झालेल्या पेशी टिकल्या नाहीत, असा याचा अर्थ होतो. पोथ्यांच्या पाठचिकित्सेत सर्व प्रतींत सारखा आढळणारा पाठ जसा मूळ संहितेच्या जवळचा मानतात, त्याच जातीचा हा तर्क आहे.

४. आकृतिबंधाच्या मर्यादा

मात्र संकेत आणि पुरावा यांत फरक करणे आवश्यक आहे. वीसही अमिनो आम्ले सारख्याच प्रमाणात आढळतात असे सोयीसाठी गृहीत धरले, तर वरील सूत्र निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता प्रत्येक स्थानी ८०,००० त एक इतकी येते. मानवी प्रथिने सुमारे २०,००० व प्रत्येकाची लांबी सरासरी ५०० धरली, तर एकूण एक कोटी स्थाने होतात; म्हणजे सुमारे १२५ ठिकाणी हे सूत्र कोणत्याही अर्थाविना जुळेल. प्रोसाइट या आकृतिबंधांच्या संग्रहाने, जो १९८० च्या दशकाच्या अखेरीस ॲमोस बैरोक यांनी सुरू केला, हे सूत्र समाविष्ट करतानाच ते ए.टी.पी.शी संबंध नसलेल्या प्रथिनांतही आढळत असल्याची नोंद ठेवली आहे. केवळ संगणकावर जुळणी दिसली म्हणून विकराचे कार्य घोषित करणे धोक्याचे ठरते, ते यामुळे.

दुसरी मर्यादा ॲडिनोसीन डीअमिनेजच्या उदाहरणातून दिसते. हे विकर ॲडिनोसीनमधील अमिनो गट काढून टाकते. ते जन्मतः नसल्यास बालकाची रोगप्रतिकारशक्ती घडतच नाही, हा संबंध एलोइस गिब्लेट यांनी १९७२ मध्ये उजेडात आणला. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेत झालेल्या मान्यताप्राप्त जनुकोपचाराच्या पहिल्या प्रयोगाचा विषयही हीच व्याधी होती. या कुळातील प्रथिनांत दोन लागोपाठची ॲस्पार्टेटे व त्यानंतर प्रोलीन असा तुकडा जपलेला आढळतो. त्याचे कारण १९९१ मध्ये उंदराच्या विकराची स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्यावर कळले : त्यांतील पहिले ॲस्पार्टेट जस्ताचा अणू धरण्यात भाग घेते. या विकरात जस्त असेल अशी अपेक्षा तोपर्यंत नव्हती. सायटिडिन डीअमिनेज हे विकरही जस्ताच्या साहाय्याने त्याच प्रकारची क्रिया करते. परंतु तेथे जस्त धरणारा आकृतिबंध सर्वस्वी निराळा, सिस्टीनप्रधान आहे. काम तेच, धातू तोच, पाठ मात्र वेगळा. तेव्हा आकृतिबंध प्रथमतः वंशाची साक्ष देतो; कार्याची साक्ष त्यातून काढावी लागते.

५. महाराष्ट्रातील रसायनाची वाट

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे सिद्ध झाला. तो उघडकीस आणणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कुटुंबातील होत. १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावे तेथे एड्स संशोधन व शिक्षण केंद्र सुरू केले. महाराष्ट्रात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. मुंबईत या रोगाचा भार मोठा होता आणि औषधाची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्यापलीकडची होती.

औषध देशात तयार करणे दोन गोष्टींमुळे शक्य झाले. पहिली, १९७० चा पेटंट कायदा. १९७२ पासून अमलात आलेल्या या कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर तो बनविण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट देऊ केले. दुसरी, सेंद्रिय रसायनाची येथे रुजलेली परंपरा. १९५० मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केलेले डॉ. ए. व्ही. रामाराव पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. तेथे त्यांनी ए.झेड.टी. बनविण्याची प्रक्रिया विकसित केली. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्लाने डॉ. युसूफ हमीद यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे औषध बाजारात आणले. २००१ चा संयुक्त उपचार हा याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय. १ एप्रिल २००४ पासून केंद्र शासनाने मोफत उपचाराचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता.

६. पेशीतील प्रवास : गुण, दोष आणि अपयश

औषध रुग्णाच्या हाती पडल्यानंतरची कथा आकृतिबंधांची आहे. ए.झेड.टी. व स्टॅव्हुडिन यांना पहिला फॉस्फेट थायमिडिन कायनेज जोडते. लॅमिव्हुडिनला तो डीऑक्सिसायटिडिन कायनेजकडून मिळतो. म्हणजे वर दाखविलेल्या (अ) आणि (आ) या विकरांखेरीज ही औषधे निरुपयोगी ठरली असती. पुढे आणखी दोन फॉस्फेट जोडले गेले की हे प्रतिरूप विषाणूच्या डी.एन.ए. साखळीत शिरते व साखळी तेथेच खुंटते.

ए.झेड.टी.च्या बाबतीत दुसरा फॉस्फेट जोडण्याची पायरी अतिशय मंद आहे. १९९७ मध्ये यीस्टमधील थायमिडिलेट कायनेजच्या रचनेवरून तिचे कारण समजले. ए.झेड.टी.मधील अझाइडो गटामुळे फॉस्फेट धरणारा तो संरक्षित फास जागेवरून थोडासा सरकतो आणि क्रिया रेंगाळते. वॉकर यांनी १९८२ मध्ये केवळ क्रम पाहून ओळखलेल्या तुकड्याचा औषधाच्या कार्यक्षमतेशी असा प्रत्यक्ष संबंध जुळला.

दोषाचे मूळही संरक्षणातच होते. डी.एन.ए.ची साखळी बांधणाऱ्या विकरांत धातूचे आयन धरणारी ॲस्पार्टेटे जपली गेली आहेत. विषाणूचे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज असो की मानवी तंतुकणिकेतील पॉलिमरेज, क्रियेचा गाभा सारखाच आहे. विषाणूसाठी रचलेला सापळा म्हणून तंतुकणिकेलाही काही प्रमाणात लागतो. स्टॅव्हुडिन घेणाऱ्या रुग्णांच्या हातापायांत मुंग्या व वेदना, चेहऱ्यावरील आणि अवयवांवरील चरबी झडणे, असे परिणाम दिसू लागले व त्यांचा संबंध तंतुकणिकेच्या हानीशी लावला गेला. नोव्हेंबर २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाचा वापर क्रमाने थांबविण्याची सूचना केली. ज्या गोळीने असंख्य रुग्ण जगले, तिचीच खूण अनेकांच्या चेहऱ्यावर कायम राहिली. किमतीच्या यशोगाथेत या बाजूचीही नोंद राहावयास हवी.

अपयशाची कथा अधिक सूक्ष्म आहे. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे काटेकोर अर्थाने न्यूक्लिओसाइड चयापचयातील विकर नव्हे. परंतु या औषधांचे अंतिम लक्ष्य तेच. त्याच्या केंद्रस्थानी टायरोसीन – मेथिओनिन – ॲस्पार्टेट – ॲस्पार्टेट असा चौकडीचा आकृतिबंध आहे. विविध विषाणूंच्या पॉलिमरेजांतील ॲस्पार्टेटांच्या या जोडीकडे कॅमर व आर्गोस यांनी १९८४ मध्येच लक्ष वेधले होते. विषाणूला ही दोन ॲस्पार्टेटे बदलता येत नाहीत. बदलली तर त्याचे विकरच बंद पडते. लॅमिव्हुडिनच्या दबावाखाली त्याने शेजारचे मेथिओनिन बदलून तेथे व्हॅलीन आणले. व्हॅलीनची शाखायुक्त बाजू औषधाच्या वलयाला अडवते, नैसर्गिक घटकाला मात्र आत येऊ देते. यकृतदाह ‘ब’ विषाणूनेही त्याच चौकडीत तीच पळवाट शोधली. या बदलाची किंमत एच.आय.व्ही.ला मोजावी लागते. त्याची वाढ मंदावते आणि तो काही अन्य औषधांना अधिक बळी पडतो. म्हणूनच प्रतिरोध असूनही लॅमिव्हुडिनला उपचारातून हद्दपार केले गेले नाही. आजच्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या त्रयीतही ते आहे. टेनोफोव्हिरच्या रेणूत फॉस्फेटसदृश गट आधीच असल्यामुळे कायनेजची पहिली पायरी त्याला लागत नाही, हेही या इतिहासाच्या संदर्भात लक्षणीय आहे.

७. अनुक्रमांची सार्वजनिकता

रसायनाच्या वाटेशेजारी महाराष्ट्रात अनुक्रमवाचनाचीही एक वाट तयार होत होती. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात जैवमाहितीशास्त्र केंद्र सुरू झाले. तेथील डॉ. अशोक कोळसकर आणि प्रसाद टोंगावकर यांनी १९९० मध्ये प्रथिनाच्या क्रमावरून प्रतिजनी तुकडे ओळखण्याची पद्धत मांडली. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. केवळ क्रम वाचून प्रथिनाच्या वर्तनाविषयी अनुमान काढण्याची ही परंपरा मराठी प्रदेशात तेव्हापासूनची आहे.

या दोन वाटांतील महत्त्वाचा फरक मालकीचा होता. औषधाच्या रेणूसाठी कायद्याची खिडकी १९७२ मध्ये उघडली आणि २००५ च्या दुरुस्तीने, उत्पादनावरील पेटंट पुन्हा मान्य झाल्याने, बरीचशी मिटली. डेहॉफ यांच्या ग्रंथापासून जेनबँक आणि प्रोसाइटपर्यंत अनुक्रम मात्र शिक्षण-संशोधनासाठी खुले राहिले. हे आपोआप घडले नाही. मानवी जनुकांवरही पेटंटे घेतली गेली होती. नैसर्गिक डी.एन.ए. हा पेटंटचा विषय होऊ शकत नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१३ मध्ये दिला. ज्या विकरांनी मुंबईची गोळी प्रभावी केली, त्यांचा पाठ कोणा एकाच्या मालकीचा झाला असता, तर औषधाचे दोष आणि प्रतिरोध समजून घेण्याचे कामही महाग झाले असते.

८. निष्कर्ष

१) मुंबईतील एच.आय.व्ही. औषधांचा इतिहास किंमत व कायदा यांच्याइतकाच न्यूक्लिओसाइड कायनेजांतील संरक्षित आकृतिबंधांचाही इतिहास आहे.

२) संरक्षण ही एकाच वेळी अनुकूल आणि प्रतिकूल बाब ठरली. त्यामुळे औषध सक्रिय झाले, त्यामुळेच ते तंतुकणिकेला बाधले. आणि अपरिवर्तनीय स्थानांना लागून असलेल्या परिवर्तनीय स्थानातून विषाणूने वाट काढली.

३) आकृतिबंधाची जुळणी हा शोधाचा आरंभ आहे. स्फटिकरचना आणि विकरक्रियेचे मापन यांच्याविना तिच्यावरून कार्य ठरविणे असमर्थनीय होय.

४) वर दिलेल्या तीन कायनेजांचे संपूर्ण क्रम सार्वजनिक संग्रहांत विनामूल्य उपलब्ध आहेत. कांदिवली-बोरिवलीतील पदवीच्या वर्गात ते शेजारी मांडून पाहण्यास संगणक व इंटरनेट यांपलीकडे काही लागत नाही. रसायन, जीवशास्त्र, गणित, विधी आणि इतिहास या पाचही विषयांच्या अध्यापकांना त्या एका मांडणीवर एकत्र शिकविता येईल, आणि औषध घेणाऱ्या माणसाच्या शरीरात प्रत्यक्ष काय घडते याची जाणीव विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भाग होईल.